थांब्यावरचा पाहुणा

खालती बद्रा प्रवासात झोपत नाही. आमच्या पठारावरच्या मशरियाहून समुद्रकाठचं वहरान गाठायचं म्हणजे अर्धा दिवस बसमध्ये जातो. बाकीच्यांच्या माना कलंडतात, तोंडं उघडी पडतात, आणि ही मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसलेली असते. डोळे लाल, पण उघडे. शेजारची बाई म्हणते, "टेका की जरा." ही म्हणते, "एकदा टेकले होते. पुरे झालं."

ती माझ्या आईची थोरली बहीण. आईच्या बहिणीला आमच्याकडे खालती म्हणतात, पण तिला सगळी गल्लीच खालती म्हणते. काम लोकरीचं. पठारावरच्या मेंढ्यांची लोकर धुवायची, विंचरायची, टकळीवर कातायची आणि उभ्या मागावर बुरनूस, म्हणजे टोपी जोडलेले लोकरी झगे, विणायचे. तिच्या हाताला लोकरीच्या तेलाचा वास कायमचा आहे. ईदच्या दिवशी अत्तर लावलं तरी तो वरून येतोच. बोलणं थोडं. जे बोलते त्यात एक प्रश्न ठरलेला. कुणी नवं माणूस भेटलं, त्यातून ते दक्षिणेचं असलं, की टकळी थांबते.

"मोठ्या बर्फाच्या हिवाळ्यात तुमच्या घरात तान्हं मूल होतं का?"

हमामात बायका तिची नक्कल करायच्या. "खालती, साबण दे इकडे. आणि तू विचारायच्या आत सांगते, त्या हिवाळ्यात मी आईच्या पोटातसुद्धा नव्हते!" सगळ्या हसायच्या. खालती साबण द्यायची. ती चिडलेली मी कधी पाहिली नाही. फक्त थकलेली पाहिली आहे. तोच प्रश्न सव्वीस वर्षं विचारणारं माणूस जसं थकतं, तसं.

ती तेवीस वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. सईदा शहरात माहेरी बाळंतपण उरकून, चार महिन्यांच्या बूहफ्सला घेऊन ती सासरी परत निघाली होती. वडिलांनी बसमध्ये बसवून दिलं, मशरियाला नवरा उतरवून घेणार होता. सकाळी निघालेली बस दुपारी बूगतोबच्या अलीकडे पठारावर रुतली. बर्फ आडवं येत होतं. चाकं फिरत होती, बस हलत नव्हती. ड्रायव्हर खाली उतरला, परत वर आला आणि म्हणाला, "पाहुणे हो, उतरा. पलीकडे रेल्वेचा जुना थांबा आहे. इथं बसलात तर मेंढ्यांसारखे गोठाल."

ती रेल्वे केव्हाच बंद पडलेली. दोन खोल्यांचा दगडी थांबा, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. तीसेक माणसं त्यात शिरली आणि तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिथंच राहिली. एका व्यापाऱ्याची खजुराची खोकी टपावर होती. ती आधी रिकामी झाली, मग जळली. त्यानंतर अल्फा गवत, त्यानंतर एक दार.

त्या माणसांत एक म्हातारी होती. हनुवटीवर निळं गोंदण, पांढऱ्या चादरीत गुंडाळलेली, आणि कुशीत एक घट्ट बांधलेलं गाठोडं. गाठोड्यात मूल होतं. त्याची आई सईदाच्या दवाखान्यात आजारी पडून होती आणि म्हातारी नातवंडाला घरी नेत होती. जवळ दुधाच्या भुकटीचा डबा आणि काचेची बाटली. पहिल्याच दिवशी कुणीतरी किटलीतलं उकळतं पाणी त्या थंडगार बाटलीत ओतलं आणि बाटली उभी तडकली. म्हातारी बोट बुडवून दूध चाटवू लागली. मुलाला ठसका लागायचा, दूध बाहेर यायचं. संध्याकाळपर्यंत ते ओरडून रडत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं रडणं बारीक झालं.

रडणं बारीक झालं की भ्यायचं असतं, हे आईला सांगावं लागत नाही. अंगावर पाजणारी बाई त्या थांब्यात एकच होती. सगळे तिच्याकडे बघायचे आणि बघितलं नाही असं दाखवायचे. म्हातारीसुद्धा काही बोलली नाही. ही मागायची गोष्ट नव्हे. ज्याच्याकडे आहे त्यानं उठून द्यायची.

खालतीनं बूहफ्सला खजूरवाल्याच्या मांडीवर ठेवलं आणि हात पुढे केले. "आण इकडे."

तेव्हा कोपऱ्यातून एक तालेब बोलला. पोरांना कुराण शिकवणारा म्हातारा माणूस, डोक्याला शेंदरी फेटा. "पोरी, थांब जरा. आपल्याकडे एक घोट पुरे होतो, हे माहीत आहे ना? पाजलंस की हे मूल तुझं. तुझ्या या लेकराचं भावंड, आणि पुढं होतील त्यांचंही. त्यांची याच्याशी लग्नं व्हायची नाहीत. नाव-गाव विचारून घे. माझ्याकडे पेन आहे, मी दोघींना लिहून देतो."

"नाव नाही सांगायची," म्हातारी म्हणाली.

"हज्जा, अहो, धर्माचं काम आहे."

"आमच्या घरातली तीन तान्ही गेली, शेख. तिघांची नावं मी सातव्या दिवशी सगळ्या गावाला ओरडून ऐकवली होती. नाव ऐकलं की नजर लागते. याचं चाळीस दिवस कुणाला सांगणार नाही. सात उरलेत."

"मुलगा की मुलगी, एवढं तरी?"

"पाहुणा आहे," म्हातारी म्हणाली, आणि मग खालतीकडे वळून हळू आवाजात, "उतरताना सांगेन. तुझ्या कानात. फक्त तुझ्या."

खालती म्हणाली, "मग माझंही नाव तेव्हाच ऐक." ती म्हणते, मला थोडं हसू आलं होतं आणि थोडा राग. मुख्य म्हणजे मी इतकी दमले होते की वाद घालायचं त्राण नव्हतं.

सुट्टीवर निघालेले तीन सैनिक होते. त्यांनी आपली घोंगडी आडवी धरून पडदा केला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मूल आधी लागेना, मग लागलं, आणि मग सोडेना. बराच वेळ गेला. एक सैनिक म्हणाला, "भिंतीकडे तोंड करून इतका वेळ मला मास्तरांनीसुद्धा कधी उभं केलं नव्हतं."

"करायला हवं होतं," तालेब म्हणाला. "हात खाली येतोय तुझा. वर धर."

त्या थांब्यात लोक पहिल्यांदा हसले ते तेव्हा. नंतर त्या घोंगडीमागे एकेक वस्तू येऊ लागली. खजूरवाल्यानं सगळ्यात मऊ खजूर निवडून पाठवले. कुणी आपल्या वाटणीचा चहा पाठवला, कुणी चीज, कुणी पायमोजे. तिला जेवू घालणं हे सगळ्यांचं काम झालं. ज्यांची नावं तिला कधीच कळली नाहीत त्या माणसांनी दिवसभर आणि रात्रभर तिच्या तोंडाकडे बघत आपले घास मोजले. एका वेळी दोघांना दूध पुरत नव्हतं. तिनं आधी पाहुण्याला दिलं, उरेल ते बूहफ्सला. बूहफ्स रडायचा, सैनिक त्याला घेऊन खोलीभर कवायत करायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं. खालतीनं पाहुण्याला सातव्यांदा पाजलं, म्हातारीच्या हातात दिलं आणि भिंतीला पाठ टेकली. फक्त टेकली, ती म्हणते.

जाग आली तेव्हा बाहेर बर्फ ढकलणाऱ्या गाडीचा आवाज होता आणि शेजारची जागा रिकामी होती. लष्कराची जीप येऊन गेली होती. तान्हं आणि म्हातारी आधी, असं म्हणून त्यांना नेलं होतं. "तुम्हाला उठवणार होतो," तो सैनिक म्हणाला, "पण म्हातारीच म्हणाली, झोपू दे तिला. दोन दिवस डोळ्याला डोळा नाही."

तिनं तालेबाला विचारलं. तो म्हणाला, "मला वाटलं, तिनं तुझ्या कानात सांगितलं." ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "म्हातारी? बशारची असावी. बोलण्यावरून तरी."

एवढंच. बशार तिथून एका दिवसाच्या वाटेवर, वाळवंटाच्या तोंडाशी. आणि पुढं यादवीची ती वर्षं आली, ज्यांत आमच्या रस्त्यांवरून कामाशिवाय कुणी जात नसे आणि कामानं गेलेलाही परत येईपर्यंत घरात चूल थंड असे. शोधायला जाणार कोण? मशरियाच्या इमामानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "विचारत राहा. विचारण्याचं देणं तुझ्याकडे लागलंय." तिनं ते ऐकलं.

पाहुणा मात्र तिच्या घरात वाढत राहिला. बूहफ्सला दात आला तेव्हा तिनं मनात तीन महिने मागे-पुढे केले आणि मग पाहुण्यालाही दात आला. बूहफ्स चालला, तीन महिन्यांनी पाहुणा चालला. शाळा, दप्तर, मिसरूड. मिसरूड की वेणी, हे तिला माहीत नव्हतं, म्हणून ती एक वर्ष त्याला मुलगा धरायची आणि एक वर्ष मुलगी. हे तिनं मला टकळी फिरवता फिरवता सांगितलं, सहज, लोकरीचा भाव सांगावा तसं.

नंतर मुलगी झाली, हूरिया. हूरिया चार वर्षांची असताना खालतीचा नवरा गेला. सकाळी मेंढ्यांच्या बाजाराला म्हणून गेला, वाटेत ट्रक उलटला. त्याचा भाऊ दुपारी दारात आला. खालती मागावर होती. तो म्हणाला, "वहिनी, जेवलीस का?" ती म्हणाली, "एवढी ओळ होऊ दे." तो म्हणाला, "नको. आधी जेवून घे." खालतीचे हात जिथं होते तिथं राहिले. आमच्या पठारावर मरणाची बातमी उपाशी माणसाला देत नाहीत. आधी पोटात काहीतरी घालायचं, मग सांगायचं; नंतर कितीतरी दिवस घास उतरणार नसतो. म्हणून अवेळी आलेला माणूस जेवणाचा आग्रह करू लागला की आमच्याकडे पोरांनासुद्धा कळतं. तो बुरनूस अजून तिच्या पेटीत आहे. त्याच ओळीवर सोडलेला.

बूहफ्स ट्रक चालवायला लागला. पाच वर्षांपूर्वी त्याला नईमा आवडली. बशारची, त्याच हिवाळ्यात जन्मलेली, आईविना आजीनं वाढवलेली. आजी वारलेली. ती तान्ही असताना कुठं होती, कुणाच्या अंगावर प्यायली, हे शपथेवर सांगणारं घरात कुणी उरलं नव्हतं. इमाम म्हणाला, "शंका आहे तिथं पाऊल टाकू नये." खालतीनं नकार कळवला. बूहफ्स भांडला नाही. त्यानं लांबच्या फेऱ्या घेतल्या आणि वर्षभर घरी फक्त कपडे बदलायला आला. त्यानंतर त्याच्या लग्नाचं कुणी काढलं नाही.

आणि आता हूरिया. बावीस वर्षांची, शाळेच्या कचेरीत काम करणारी, तोंडाची तिखट. त्याच शाळेत लखदर नावाचा गणिताचा मास्तर. दक्षिणेकडच्या ऐन सफ्रा गावचा. आजीनं वाढवलेला. वय विचारलं तर हूरिया म्हणाली, "सव्वीस असेल." म्हणाली आणि तिचं तिलाच कळलं. मी भाजी निवडत होते, माझेही हात थांबले.

"यम्मा, नाही हं. नाही."

"मी कुठं काय म्हटलं?"

"तुझी टकळी थांबली! मला माहीत आहे ते थांबणं. बूहफ्सचं झालं तेवढं पुरे नाही का? त्या मुलाला तू जगवलंस ना? मग आम्हाला का मारत सुटलीस?"

खालतीनं टकळी खाली ठेवली. "जाऊन विचारून येते. हो असेल तर हो. माझी पाठ आता आणखी एक शंका उचलणार नाही."

"आणि तो निघाला तर?"

"तर तुला भाऊ मिळेल."

"मला एक भाऊ आहे," हूरिया म्हणाली. "त्याच्याकडे बघ एकदा."

शनिवारी ऐन सफ्राला जायला बूहफ्सनं कुणाची तरी गाडी मागून आणली. पुढं तो, मागं आम्ही दोघी. एप्रिलचा धुळीचा वारा सुटलेला. पठार आणि आभाळ एकाच रंगाचं झालं होतं. खालती ताठ बसली होती. शंभर किलोमीटरमध्ये तिनं एकच वाक्य म्हटलं, "काच वर घे."

लखदरची आजी, हज्जा रबीआ, अंगणात कॉफी दळत बसली होती. खालतीनं आपला प्रश्न विचारला आणि म्हातारीनं दळणं थांबवून तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"माझा लखदर? त्या बर्फात याच अंगणात पळत होता तो, नालायक! घसरला आणि कपाळ फोडून घेतलं. खूण आहे. लग्न ठरवायला आलीस आणि मुलाचं कपाळ नाही बघितलंस?"

"म्हणजे तो तान्हा नव्हता?"

"दीड वर्षाचा घोडा होता. पोरीला सव्वीस सांगतो का? सत्तावीस कधीच झाली. टक्कल पडायला लागलं म्हणून एक खातो."

बूहफ्स हसला. मी त्याला पाच वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं. पण खालती हसली नाही.

"हज्जा, राग धरू नकोस. तू त्याची आजी आहेस. तुझ्या जागी मीही हेच म्हटलं असतं."

मला वाटलं, आता कॉफीचं भांडं अंगावर येणार. म्हातारीनं भांड्यातले दाणे बोटानं खाली सारले. मग म्हणाली, "खरं आहे. मीही खोटं बोलले असते, गरज असती तर." तिनं दळणं पुन्हा सुरू केलं. "मग ते मूलच शोध. इथं फात्ना म्हणून होती, वारली त्याला झाली सहा वर्षं. हनुवटीवर गोंदण. बूगतोबचा माणूस दिसला की अडवायची. 'तुमच्यात हिरव्या शालीची एक बाई आहे का, बर्फात अडकलेली?' बूगतोबचे मेंढीवाले तिला बघून गल्ली बदलायचे."

"बूगतोब?" खालतीचा आवाज कोरडा होता. "मी तर मशरियाची."

"तिला काय माहीत? थांबा बूगतोबजवळ होता ना."

म्हणजे एकजण बशारच्या माणसांना विचारत होती आणि एकजण बूगतोबच्या, आणि दोघींच्या दारांत फक्त शंभर किलोमीटर होते. खालती उठली.

"आणि ते मूल, हज्जा?"

हज्जा रबीआनं मान वर केली नाही. "ते तुर्किया सांगेल. फात्नाची सून. खजुरीच्या बागेकडे उतरा, निळं दार."

निळं दार पन्नाशीच्या एका बाईनं उघडलं. हात कणकेनं भरलेले. खालतीनं सलाम केला आणि पुढं तिला काय म्हणावं ते सुचलं नाही. इतकी वर्षं प्रश्न तयार होता, पण तो या दारासाठी नव्हता.

"मी बर्फातली," ती म्हणाली.

तुर्कियानं कणकेचा हात चौकटीवर ठेवला. पिठाचा पंजा उमटला. "हिरवी शाल?"

"फाटली केव्हाच. तिची पायपुसणी झाली."

"ये," तुर्किया म्हणाली. "ये, आत ये." मग तिला गाडीजवळ पाठ करून उभा असलेला बूहफ्स दिसला. "तो कोण?"

"माझा मुलगा. तेव्हा माझ्या कडेवर होता तो."

"मग बाहेर का? माझ्या मुलाचा भाऊ दारात उभा राहणार का? बोलाव त्याला."

माझ्या मुलाचा. बूहफ्सनं ते ऐकलं. तो बूट काढून आत आला आणि माझ्या शेजारी बसला, गुडघे जवळ घेऊन, शाळेतल्या पोरासारखा. खालती खोलीत नजर फिरवत होती. खुंटीवर पुरुषाचा बुरनूस होता का, दाराशी चपला होत्या का, भिंतीवर कुणाच्या लग्नाचा फोटो. तिला सव्वीस वर्षांचं माणूस हवं होतं, त्याची एखादी वस्तू तरी. भिंतीवर फक्त फात्नाचा फोटो होता. गोंदण तेच.

तुर्कियानं हात धुतले आणि कुसकुसचं मोठं थाळं आणून मध्ये ठेवलं. सलगम, भोपळा, वर मांसाचे तुकडे. ताकाचा वाडगा.

"तुर्किया, बाई गं, आधी सांग. तो की ती? आहे कुठं?"

तुर्कियानं चमचा पुसून खालतीच्या हातात दिला. "आधी जेवून घे."

बूहफ्सनं माझ्याकडे बघितलं. मी थाळ्याकडे बघितलं. बाहेर कुणीतरी गाढवाला ओरडत होतं. खालती चमच्याकडे बघत राहिली, आणि मग तिनं तो थाळ्यात घातला. ती जेवली. नुसतं दाखवायला नाही, नीट जेवली. घास चावून, वर ताक पिऊन. तुर्किया तिच्यासमोर मांसाचा चांगला तुकडा सरकवत होती आणि ती तो खात होती. थांब्यात तिला असंच भरवलं असेल लोकांनी, मला वाटलं. भूक असो-नसो, कुणासाठी तरी खायचं. तिनं आपल्या बाजूचं थाळं रिकामं केलं, चमचा उपडा ठेवला आणि म्हणाली, "आता सांग."

"यईश नाव ठेवलं होतं," तुर्किया म्हणाली. "जगेल, म्हणून. चाळीसावा दिवस झाला आणि सासूनं गच्चीवर चढून सगळ्या गल्लीला ऐकवलं. मी तेव्हा दवाखान्यातच होते. घरी आले तर माझं दूध आटलेलं. बकरीच्या दुधावर वाढला. हिवाळा काढला त्यानं, चांगला गुटगुटीत झाला होता. मग वसंतात त्याला गोवर निघाला. दोन दिवसांत पोर गेलं."

"किती महिन्यांचा?"

"पाच."

पाच महिने. खालतीनं त्याला दात आणले, चालवलं, शाळेत घातलं. तिचे ओठ हलले. मला वाटतं ती एकेक वर्ष परत घेत होती.

"माझ्या अंगावर तो कधी प्यायलाच नाही," तुर्किया म्हणाली. "प्यायला तो तुझ्याच. सासू म्हणायची, ती बाईही आई आहे, तिला न कळवता आपण दुःख एकट्यानं आवरलं, हे बरं नाही. मरताना मला म्हणाली, ती येईल. आली की आधी खाऊ घाल, मग तिची राहिलेली गोष्ट तिला दे."

ती उठली. खालतीही उठली. तुर्कियानं तिचे दोन्ही खांदे धरले, कपाळाला कपाळ टेकवलं आणि मेलेल्या मुलाच्या आईला जे म्हणतात ते म्हणाली, "अल्लाह तुझ्या पदरी मोठं पुण्य घालो. त्यानं दिलं होतं, त्यानं नेलं."

"तुझ्याही पदरी," खालती म्हणाली. दोघी तशाच उभ्या राहिल्या. रडण्याचा आवाज आला नाही. फक्त खालतीची पाठ, इतकी वर्षं ताठ ठेवलेली, हळूहळू वाकत गेली आणि तुर्कियाला तिचं वजन सांभाळावं लागलं.

बूहफ्स खाली बघत होता. "मुलगा होता," तो म्हणाला. कुणाला विचारलं नव्हतं, तरी तुर्किया म्हणाली, "हो बाळा, मुलगा."

"मग नईमा..." तो म्हणाला, आणि उठून बाहेर गेला. बूट हातातच घेऊन.

"नईमा कोण?"

"कुणी नाही," खालती म्हणाली. "तीन मुलांची आई आहे आता."

तुर्कियानं कबर दाखवते म्हटलं. टेकडीवरच, चालत जाण्यासारखी. खालती म्हणाली, "आज नको. पुढच्या वेळी चालत येईन. आज माझे पाय माझे नाहीत." निघताना तुर्कियानं तिच्या पिशवीत भाकरी घातल्या. माहेरून निघालेल्या बाईला देतात तशा, मोजून नाही.

परतीच्या वाटेवर वारा पडला होता. बूहफ्स गाडी सावकाश चालवत होता. खालती त्याच्या मानेकडे बघत होती. वाटेतल्या नआमा गावाच्या अलीकडे ती म्हणाली, "बूहफ्स."

"हं."

तिनं पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग तोच म्हणाला, "यम्मा, मला भूक लागायची म्हणे तिथं. सैनिक कवायत करायचे."

"हो."

"त्याला आधी दिलंस, बरं केलंस."

खालतीनं हात पुढे करून त्याच्या खांद्यावर ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. मी म्हटलं, "खालती, टेक जरा. मी जागी आहे." तिनं मान हलवली. नाही.

पेट्रोल पंपावर माझा फोन वाजला. हूरिया. सकाळपासूनची अकरावी वेळ. खालतीनं हात पुढे केला, मी फोन दिला. पलीकडचा आवाज सगळ्या गाडीला ऐकू येत होता.

"यम्मा? काय झालं? तोच आहे का? बोल ना! तोच आहे, होय ना?"

"लखदर नाही," खालती म्हणाली. "त्याच्या आजीला शुक्रवारी बोलावलंय म्हणून कळव. आणि त्याला म्हणावं, वय खरं सांगत जा."

पलीकडे हसणं की रडणं ते कळेना. मग नाक ओढल्याचा आवाज. "आणि तो, यम्मा? पाहुणा? सापडला का?"

खालती काचेबाहेर बघत होती. बाहेर अल्फा गवत, दूरवर मेंढ्यांचा एक कळप, आणखी काही नाही.

"हूरिया, जेवलीस का गं?"

"जेवण कसलं सुचतंय मला, सकाळपासून नुसती..." आणि ती थांबली.

"कालचं कुसकुस आहे झाकलेलं. गरम कर," खालती म्हणाली. "आधी जेवून घे."

पलीकडून भांड्यावरचं झाकण काढल्याचा आवाज आला.